टाकीत नवा तारामासा: पहिल्या तासापासून पहिल्या सहा महिन्यांपर्यंत

काही वर्षांपूर्वी मी एका दुकानातून निळा लिंकिया जातीचा तारामासा आणला. पिशवी वीस मिनिटे टाकीत तरंगत ठेवली, त्यातले थोडे पाणी बदलले आणि त्याला खडकावर सोडले. दोन दिवस तो चांगला हिंडत होता. तिसऱ्या दिवशी एका भुजेच्या टोकाशी नखाएवढा पांढुरका डाग दिसला, चौथ्या दिवशी तिथली कातडी जेलीसारखी सुटू लागली आणि सहाव्या दिवशी तो गेला. पिशवीतले उरलेले पाणी सुदैवाने झाकणाच्या बादलीत तसेच होते. ते मोजले तेव्हा त्याची लवणता, म्हणजे खारटपणा, २७ पीपीटी (पाण्याच्या हजार भागांत क्षारांचे २७ भाग) भरली. माझ्या टाकीची होती ३५. म्हणजे तो तारामासा सहाव्या दिवशी मेला असे दिसले, तरी त्याचा मृत्यू पहिल्याच तासात ठरून गेला होता.

हे असे का होते, हे समजून घेतले तर पुढच्या सगळ्या पायऱ्या आपोआप पटतात. मासा कल्ले आणि मूत्रपिंड यांच्या मदतीने आपल्या शरीरातील क्षारांचे प्रमाण बऱ्याच अंशी राखू शकतो. तारामासा मासा नाही. तो कंटकचर्मी, म्हणजे काटेरी कातडीच्या, गटातला प्राणी आहे, त्याला रक्त नाही, मेंदू नाही, आणि त्याच्या शरीरातल्या नळ्यांमधून जे पाणी खेळते ते जवळजवळ समुद्राचेच पाणी असते. याच पाण्याच्या दाबावर त्याचे शेकडो नलिकापाद (भुजांखालचे नळीसारखे बारीक पाय) लांब-आखूड होतात आणि तो चालतो. बाहेरचे पाणी जितके खारट, तितकाच त्याच्या अंगातला द्रव खारट, असा हा सरळ हिशेब आहे. बाहेरची लवणता एकदम बदलली तर पेशींत पाणी शिरते किंवा त्यांतून बाहेर पडते, ऊती आतून मरू लागतात, आणि वरून मात्र प्राणी काही दिवस ठीक दिसत राहतो.

दुसरे संकट याहून संथ आहे, आणि ते म्हणजे उपासमार. तारामासा महिनोन्‌महिने उपाशी राहून हळूहळू आक्रसत जातो आणि मालकाला वाटत राहते की सगळे छान चालले आहे. या लेखातली प्रत्येक सूचना शेवटी या दोन गोष्टींशीच जोडलेली आहे.

घेण्याआधी: कोणता तारामासा, आणि कोणत्या टाकीत

दुकानात सगळ्यांत आधी नजर जाते ती निळ्या लिंकियावर, आणि माझे स्पष्ट मत आहे की नवख्याने तोच घेऊ नये. तो पूर्ण वाढला की तीस सेंटिमीटरपर्यंत पसरतो आणि खडकांवर वाढणारा सूक्ष्मजीवांचा, शेवाळाचा व सेंद्रिय गाळाचा पातळ थर खातो. या थराला पर्याय ठरेल असे विकतचे अन्न तो भरवशाने घेत नाही. किमान चारशे लिटरची, भरपूर मुरलेल्या खडकांची आणि निदान वर्षभर स्थिर चाललेली टाकी असेल तरच त्याचा विचार करावा, आणि तेव्हाही टाकीत त्याच्यासारखा दुसरा खाणारा नसावा.

फ्रोमिया हे लहानखुरे, लाल-केशरी तारामासे असतात, साधारण आठ-दहा सेंटिमीटरचे. त्यांना कमी जागा पुरते, पण खाण्याची सवय बरीचशी लिंकियासारखीच असते, म्हणून नव्या टाकीत तेही टिकत नाहीत. अडीचशे लिटरची, दहा-बारा महिने जुनी टाकी ही त्यांच्यासाठी मी किमान अट मानतो.

वाळूत शिरणारे ॲस्ट्रोपेक्टेन ‘वाळू स्वच्छ ठेवतात’ म्हणून विकले जातात. खरे पाहता ते वाळूतले किडे, बारीक शिंपले आणि कवचधारी जीव शोधून खातात. घरच्या टाकीतली वाळू त्यांच्या दृष्टीने फार थोडी असते. काही महिन्यांत ती रिकामी होते, आणि मग वाळूही निर्जीव होते व तारामासाही उपाशी राहतो.

चॉकलेट चिप या नावाने ओळखला जाणारा प्रोटोरिॲस्टर नोडोसस मात्र दिलेले मांसाहारी अन्न आवडीने खातो, आणि त्यामुळे पहिल्यांदा पाळणाऱ्यासाठी मी त्याचीच शिफारस करतो. त्याची अट एकच, पण ती कडक आहे: टाकीत प्रवाळ, समुद्रफूल किंवा जिवंत शिंपले असता कामा नयेत, कारण तो ते सगळे खाऊन टाकतो. हिरवा ब्रिटल स्टार त्याच दुकानात, त्याच रांगेत दिसतो. तो खरा तारामासा नव्हे, आणि मोठा झाल्यावर रात्री झोपलेले लहान मासे पकडतो, म्हणून लहान माशांच्या टाकीत तो आणू नये.

कोकणच्या किनाऱ्यावर ओहोटीच्या वेळी वाळूत तारामासे सापडतात आणि ते घरी न्यावेत असा मोह होतो. तो आवरावा. उन्हात, उथळ डबक्यात अडकलेला प्राणी आधीच थकलेला असतो, त्याची जात व आहार आपल्याला ठाऊक नसतो, आणि मालवणच्या परिसरात तर १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे. तारामासा ओल्या वाळूवर पालथा दिसला तर हळूच उचलून जवळच्या पाण्यात ठेवावा, एवढेच आपले काम.

दुकानात निवड करताना घाई करू नये. काचेवर चिकटलेला तारामासा असेल तर खालच्या बाजूने त्याचे नलिकापाद पाहावेत. निरोगी प्राण्यात ते सतत पुढे-मागे होत असतात, टोकाच्या बारीक चकत्या काचेला चिकटतात, सुटतात, पुन्हा चिकटतात, आणि भुजेच्या अगदी टोकाचे पाय इतरांहून लांब होऊन जणू चाचपडत असतात. अंग घट्ट व भरीव दिसले पाहिजे. मधला भाग खचलेला, भुजांची टोके वर वळलेली, कुठे पांढरा डाग किंवा चिकट धागे असतील तर तो प्राणी स्वस्तात मिळाला तरी घेऊ नये. आजच दुकानात आलेला असेल तर आगाऊ पैसे देऊन आठवडाभर तिथेच ठेवायला सांगावे. पिशवीत भरताना त्याला पाण्याबाहेर काढू नये, पिशवी पाण्याखालीच नेऊन त्यात सरकवावे, अशी विनंती करावी. बरेच दुकानदार ती मान्य करतात.

टाकीची तयारी

लवणता ३५ पीपीटी, तापमान २४ ते २६ अंश सेल्सिअस, पीएच ८.१ ते ८.४, अमोनिया आणि नायट्राइट शून्य, नायट्रेट शक्यतो दर लिटरला दहा मिलिग्रॅमच्या खाली, आणि अल्कता (पीएच स्थिर ठेवण्याची पाण्याची क्षमता) आठ ते बारा डीकेएच या एककात, ही आपली लक्ष्ये. यांतला एखादा आकडा थोडा इकडेतिकडे असेल तर बिघडत नाही, पण तो रोज हलता असेल तर तारामासा आणू नये.

लवणता मोजण्यासाठी रिफ्रॅक्टोमीटर (पाण्यातून प्रकाश किती वाकतो यावरून लवणता दाखवणारे उपकरण) वापरावा. काट्याच्या प्लॅस्टिक हायड्रोमीटरवर बुडबुडे चिकटून किंवा क्षार साचून आकडा सहज दोन-तीन पीपीटीने चुकतो. रिफ्रॅक्टोमीटरसुद्धा केवळ शुद्ध पाण्यावर शून्य लावून न थांबता ३५ पीपीटीच्या प्रमाणित द्रावणाने तपासून घ्यावा, कारण आपल्याला अचूकता शून्यापाशी नव्हे, ३५ पाशी हवी असते.

आता पाण्याबद्दल. तांबे हे माशांच्या औषधांत सर्रास असते, पण तारामाशाला त्याचा अंशसुद्धा मारक ठरतो. टाकीत पूर्वी कधी तांब्याचे औषध किंवा मोरचूद वापरले असेल, तर ते खडकांत आणि वाळूत मुरलेले असते व हळूहळू सुटत राहते. अशा टाकीत तारामासा ठेवूच नये. आपल्याकडे आणखी एक धोका आहे, ज्याकडे फारसे कोणाचे लक्ष जात नाही. पिण्याच्या पाण्याच्या अनेक घरगुती आरओ यंत्रांत आता मुद्दाम तांबे मिसळणारे काडतूस बसवलेले असते, काहींत खनिजे परत मिसळणारे. माणसासाठी ते पाणी चांगले असेल, तारामाशाच्या टाकीत मात्र ते जाता कामा नये. वेगळे आरओ-डीआय यंत्र (आरओनंतर उरलेले क्षारही काढून टाकणारे) घ्यावे आणि त्याच्या पाण्याचा टीडीएस, म्हणजे विरघळलेल्या पदार्थांचे प्रमाण, शून्याच्या आसपास आहे ना, ते अधूनमधून मीटरने पाहावे. पाणी साठवायला तांब्या-पितळेचे भांडे किंवा पितळी नळ नको. अन्नासाठी वापरता येणारा प्लॅस्टिकचा पिंप उत्तम.

शेवटी पंपांची तोंडे तपासावीत. तारामासा कुठेही चढतो, आणि पॉवरहेडच्या, म्हणजे टाकीत पाणी खेळवणाऱ्या पंपाच्या, तोंडाशी गेला की भुजा आत ओढली जाते. तिथे स्पंज किंवा जाळी बसवावी, आणि हीटर असेल तर त्यावर पिंजरा घालावा.

पाण्याशी जुळवणी

ही पायरी साधारण चार तासांची आहे, आणि ते चार तास मोकळे नसतील त्या दिवशी तारामासा आणूच नये, असे मी अगदी मनापासून सांगेन. मुंबईहून पुण्याला यायचे असेल तर पिशवी थर्माकोलच्या खोक्यात ठेवावी, म्हणजे प्रवासात तापमान फार हलत नाही.

घरी पोचल्यावर टाकीचे दिवे बंद करावेत आणि बंद पिशवी अर्धा तास टाकीत किंवा सम्पमध्ये (टाकीखालच्या फिल्टरच्या टाकीत) तरंगत ठेवावी. मग पिशवी उघडून आधी तिच्या पाण्याची लवणता मोजावी. हा आकडा लिहून ठेवावा, कारण पुढचे सगळे त्यावर अवलंबून आहे. बरीच दुकाने मिठाचा खर्च आणि माशांवरचे परजीवी कमी राहावेत म्हणून कमी लवणतेचे पाणी ठेवतात, तेव्हा २७ किंवा २८ पीपीटी आढळले तर नवल मानू नये.

कधीही साबण न लागलेल्या छोट्या बादलीत तारामासा पिशवीतल्या पाण्यासकट सोडावा, आणि तो पूर्ण बुडालेला राहील एवढेच, साधारण एक लिटर पाणी ठेवावे. टाकीतून हवेच्या पंपाची बारीक नळी खाली सोडून तिला छोटी झडप बसवावी. झडप नसेल तर नळीला सैल गाठ मारली तरी चालते. औषधाच्या बाटलीवरचे पंधरा मिलिलिटरचे माप इथे फार उपयोगी पडते: नळीखाली धरून ते एका मिनिटात भरले पाहिजे. पहिला अर्धा तास याच्याही निम्मा वेग ठेवावा.

या वेगाने सव्वा तासात बादलीतले पाणी दुप्पट होते. पिशवी २८ ची आणि टाकी ३५ ची असेल तर आता लवणता साडेएकतीस झालेली असते. निम्मे पाणी हलकेच काढून टाकावे, प्राणी उघडा पडू देऊ नये, आणि पुन्हा दुप्पट होऊ द्यावे. लवणता ३३ च्या थोडी वर जाते. तिसऱ्या फेरीनंतर ती ३४ ओलांडते. दर फेरीला मोजत जावे आणि टाकीशी फरक एक पीपीटीपेक्षा कमी झाला की थांबावे. मधल्या काळात बादलीत हवेचा एक मंद दगड आणि शेजारी थर्मामीटर असू द्यावा. मे महिन्यात पंख्याखालच्या बादलीतले पाणी पाहता पाहता तीस अंशांवर जाते आणि डिसेंबरात उलट होते. पिशवी आणि टाकी यांची लवणता सुरुवातीलाच सारखी असेल तर इतका वेळ लावण्याचे कारण नाही, तासाभराने काम भागते.

एक अपवाद महत्त्वाचा आहे. प्राणी चोवीस तासांहून अधिक काळ पिशवीत असेल, तर पाण्यात कार्बन डायऑक्साइड साठून पीएच उतरलेला असतो आणि साचलेला अमोनिया त्यामुळे कमी विषारी रूपात असतो. पिशवी उघडताच हवा लागते, पीएच चढतो आणि तोच अमोनिया विषारी होतो. अशा पाण्यात चार तास बसवून ठेवणे चुकीचे. त्यासाठी आधीच टाकीचे पाणी आणि आरओ-डीआय पाणी मिसळून पिशवीच्या लवणतेचे व तापमानाचे स्वच्छ पाणी बादलीत तयार करावे, तारामासा लगेच त्यात हलवावा आणि मग थेंबाथेंबाने वर सांगितलेली जुळवणी सुरू करावी.

टाकीत ठेवणे

बादलीतले पाणी टाकीत ओतू नये, कारण दुकानातल्या माशांचे परजीवी त्यातून येऊ शकतात. एक वाडगा बादलीत बुडवून तारामासा पाण्याखालीच त्यात घ्यावा, वाडगा टाकीत हळूहळू उतरवावा आणि तिरका करून त्याला बाहेर चालू द्यावे. तो बादलीच्या बुडाला घट्ट चिकटलेला असेल तर ओढू नये. नलिकापाद तुटतात आणि त्या जखमांतून संसर्ग शिरतो. कडेने बोटाने हलकेच ढकलत राहिले की मिनिट-दोन मिनिटांत तो स्वतः पकड सोडतो. खडकाच्या सपाट बाजूवर किंवा वाळूवर, तोंड खाली करून ठेवावा. वरून सोडून देऊ नये.

पाण्याबाहेर काढू नका, असे मी पुन्हापुन्हा म्हणतो. किनाऱ्यावरच्या काही जाती ओहोटीत उघड्या पडतात हे खरे, पण आपल्या टाकीत येणाऱ्या बहुतेक जाती कायम पाण्याखाली राहणाऱ्या असतात, शरीरात हवा अडकण्याचा धोका उगाच घेण्यात अर्थ नाही, आणि वाडगा वापरायला कष्ट ते किती!

पहिला आठवडा

पहिल्या दिवशी दिवे लावू नयेत. तो एखाद्या कोपऱ्यात चोवीस तास निश्चल बसला तर घाबरू नये आणि त्याला उलथवून पाहू नये. रात्री लाल प्रकाशाच्या विजेरीने एकदा पाहिले तर तो जागा बदलताना दिसतो. प्रत्येक भुजेच्या टोकाशी एक बारीक लालसर ठिपका असतो, तो त्याचा डोळा. टोक किंचित वर वळवून तो त्याच्याने उजेड-अंधार जोखतो, आणि हे जवळून पाहण्यासारखे आहे. मात्र टोके तासन्‌तास वर वळून राहिली तर ते पाहणे नव्हे, त्रासाचे लक्षण समजावे.

आठवडाभर रोज अमोनिया आणि लवणता मोजावी. शेजाऱ्यांकडे लक्ष द्यावे: फुगे मासे आणि ट्रिगर जातीचे मासे भुजांचे लचके तोडतात, मोठे शंखखेकडे दुबळ्या तारामाशावर तुटून पडतात, आणि हार्लेक्विन कोळंबी तर तारामाशांवरच जगते.

खाऊ घालणे

चॉकलेट चिपला तिसऱ्या-चौथ्या दिवसापासून अन्न द्यावे. बाजारातली साधी कोळंबी, तिसऱ्या (शिंपल्या) किंवा माकूळ (स्क्विड) चालते. मीठ, हळद, लिंबू काहीही न लावता, स्वच्छ धुऊन, करंगळीच्या नखाएवढे तुकडे करून ते शीतकपाटात गोठवून ठेवावेत. आठवड्यातून दोन-तीन वेळा एक तुकडा वितळवून, लांब चिमट्याने त्याच्या भुजेच्या टोकाशी ठेवावा. काही मिनिटांत नलिकापाद तुकडा चाचपतात, मग त्याला हातोहात पुढे सरकवत मध्याकडे नेतात, आणि प्राणी त्यावर कमान करून बसतो. काचेजवळ असेल तर त्याचे पातळ, जवळजवळ पारदर्शक जठर तोंडातून बाहेर येऊन तुकड्याला वेढताना दिसते. हे आजाराचे लक्षण नाही. तो असाच जेवतो. त्या वेळी त्याला हलवू नये. मासे तुकडा पळवत असतील तर त्याच्यावर चाळणीसारखी भोके असलेली प्लॅस्टिकची टोपली पालथी घालावी. दोन तासांत न खाल्लेले अन्न काढून घ्यावे.

फ्रोमिया आणि लिंकिया यांना मुख्य अन्न खडकच देतात, म्हणून सगळे शेवाळ घासून काढू नये, मागची काच तशीच राहू द्यावी. जोडीला शेवाळयुक्त, बुडणाऱ्या वडीचा तुकडा त्याच्याखाली सरकवून पाहावा; काही प्राणी तो घेतात, काही ढुंकून पाहत नाहीत. ॲस्ट्रोपेक्टेन असेल तर शिंपल्याच्या मांसाचे बारीक तुकडे तो जिथे शिरला असेल तिथे वाळूखाली पुरावेत.

रोजची भरपाई आणि उन्हाळा

बाष्पीभवनात फक्त पाणी उडते, मीठ मागे राहते. दोनशे लिटरच्या टाकीतून पंख्यामुळे रोज तीन लिटर पाणी उडाले आणि तीन दिवस भर घातली नाही, तर लवणता ३५ वरून साडेछत्तीसच्या पुढे जाते. मग एकदम नऊ लिटर गोडे पाणी ओतले की ती तितकीच कोसळते, आणि तारामाशाला हे दोन्ही धक्के बसतात. म्हणून स्वयंचलित भरणी यंत्र बसवावे किंवा सकाळ-संध्याकाळ थोडे थोडे पाणी घालावे. विदर्भ-मराठवाड्यात उन्हाळ्यात पंख्यांनी भागत नाही, चिलर (पाणी गार करणारे यंत्र) लागतोच. वीज जाणाऱ्या भागात बॅटरीवर चालणारा हवेचा पंप हाताशी ठेवावा. आठवड्याला दहा टक्के पाणी बदलावे, आणि नवे पाणी मोजूनच घालावे.

बिघडल्यास

डाग किंवा सैलपणा दिसला की आधी लवणता, तापमान आणि अमोनिया मोजावे, औषध शोधू नये. आपल्या हाती त्याच्यासाठी खात्रीचे औषध नाही आणि तांबे तर विषच. आकडे चुकलेले असतील तर ते थोडे थोडे करून जागेवर आणावेत, ताजा सक्रिय कोळसा फिल्टरमध्ये घालावा आणि तारामाशाला टाकीतच जाळीच्या पेटीत वेगळे ठेवावे. भुजा गळून पडली पण उरलेले अंग घट्ट आहे, जखम मिटलेली दिसते, तर आशा ठेवावी. तारामासा भुजा पुन्हा वाढवतो, आणि लिंकियाची तुटलेली भुजा तर स्वतःच नवा प्राणी होऊ शकते. मात्र मधला भाग फुटून आतले अवयव बाहेर आले तर तो वाचत नाही. मेलेला प्राणी तासभरही टाकीत राहू देऊ नये, कारण तो झपाट्याने सडतो आणि अमोनिया इतर जिवांना मारतो. नंतर एक चतुर्थांश पाणी बदलावे.

उत्तर अमेरिकेच्या पॅसिफिक किनाऱ्यावर २०१३ पासून अब्जावधी तारामासे विरघळून मेले आणि २०२५ मध्ये त्यामागे व्हिब्रिओ पेक्टेनिसिडा हा जीवाणू असल्याचे संशोधकांनी दाखवले. घरच्या टाकीतला वितळणारा तारामासा पाहून अनेकांना तीच साथ आठवते. पण आपल्याकडे पहिल्या दहा दिवसांत असे घडले, तर मी आधी जुळवणीचा आकडा विचारतो, साथीचा नाही.

वाढतो आहे की आक्रसतो आहे

दर महिन्याच्या पहिल्या रविवारी तारामासा काचेवर येईल तेव्हा बाहेरून पट्टी लावून त्याचे छायाचित्र घ्यावे, आणि भुजेच्या टोकापासून समोरच्या टोकापर्यंतचे अंतर व भुजेची मुळाशी असलेली रुंदी वहीत लिहावी. नजरेला हा फरक कळत नाही. रोज पाहणाऱ्याला तर मुळीच नाही. माझ्या चॉकलेट चिपची रुंदी एकदा दोन महिन्यांत तीन मिलिमीटरने उतरली, तेव्हा कळले की नव्या आणलेल्या माशाने त्याचा घास दर वेळी पळवला होता. टोपली पालथी घालायला सुरुवात केली आणि तिसऱ्या महिन्यात आकडा परत जागेवर आला.